मीटर भरला नाही

१

मुरडीच्या ओढ्याने रविवारी दुपारी एकच्या सुमाराला शकूला नेलं आणि सोमवारी सकाळी अकरापर्यंत दोषी कोण हेसुद्धा ठरून गेलं. सरकारी चौकशीला फार वेळ लागतो अशी लोक उगाच ओरड करतात. दोषी माणूस रोजंदारीवरचा असेल तर एका चहात काम भागतं.

आनंदीबाई परचुऱ्यांना हे बुधवारी सकाळी कळलं. पेपरात आतल्या पानावर दोन ओळी आल्या होत्या, पण शेजारी गाद्यांच्या सेलची पानभर जाहिरात असल्यामुळे त्या दिसल्या नाहीत. कळलं ते दारात उभ्या राहिलेल्या मुलीमुळे. वय पंचविशीचं, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, डोळे सुजलेले.

"आनंदीबाई आपणच ना? मी अपेक्षा. कुरणवाडीच्या भैरूंची मुलगी."

"भैरू? सातच्या आकड्याच्या शेपटीला गाठ मारतो तो?"

अपेक्षा गोंधळली. पण आनंदीबाईंची माणसं ओळखण्याची पद्धत हीच होती. पाणी मोजणाऱ्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं ओढ्यानाल्यांच्या नोंदवह्या तपासल्या होत्या. साठ चौक्या, साठ वाचक. एकालाही कधी पाहिलं नव्हतं, पण कोण चौकीवर जातो आणि कोण घरी बसून आकडे पाडतो हे त्या नारायण पेठेत बसून सांगायच्या. घरी बसणाऱ्याचे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपतात. ओढ्याला एवढी शिस्त नसते. भैरूच्या आकड्यांना मुळीच शिस्त नव्हती, म्हणून त्याची वही त्या जेवणाच्या सुट्टीनंतर, मुखशुद्धीसारखी उघडायच्या. शेऱ्याच्या रकान्यात तो वर्षातून एकदाच लिहायचा: "मीटर भरला. ओटी दिली." पहिल्या वर्षी बाईंनी लाल शाईने "अनावश्यक मजकूर" असं बजावलं होतं. दुसऱ्या वर्षीपासून त्या त्या ओळीची वाट बघू लागल्या.

"बाबांची वही तुम्ही तपासायचात, काम तुम्हांला माहितीये," अपेक्षा म्हणाली. "मोठ्या पुलाच्या खांबावर पट्टी आहे. पावसाळ्यात दर तासाला वाचायची, वहीत लिहायची. दीड मीटर झालं की भोंगा वाजवायचा आणि पळत जाऊन खालच्या फरशीला, म्हणजे बुटक्या पुलाला, साखळी लावायची. फरशी वळणाच्या पलीकडे आहे, चौकीतून दिसत नाही. रविवारी भोंगा वाजला नाही. आमच्या शेजारची शकूआत्या पलीकडच्या टॉवरमधला स्वयंपाक उरकून येत होती. भोंगा नाही म्हणजे जाता येतं, असं तिचं साधं होतं. नडगीभर पाणी होतं फरशीवर."

"भैरू काय म्हणतात?"

"एक वाजता पट्टीवर एक अडतीस होतं म्हणतात. त्यांचे सर्जेराव साहेब म्हणतात, शक्यच नाही, तू झोपला होतास. शुक्रवारी चौकशी आहे, मग पोलिसात देणार." तिने ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली. "नोकरीचं सोडा हो. बाबा आता स्वतःच म्हणायला लागलेत की डोळा लागला असेल, माझ्याच हातनं शकू गेली. दोन दिवस जेवले नाहीयेत."

"वहीत काय लिहिलंय?"

"वहीच नाहीये. सर्जेराव साहेब म्हणतात पुरात वाहून गेली."

"चौकी किती उंच आहे?"

"पुलाच्याही वर."

"आणि पूर पुलावरून गेला का?"

"नाही."

"मग वही स्वतःच पोहायला खाली उतरली असणार," आनंदीबाई म्हणाल्या आणि छत्री उचलली.

२

खडकवासल्याच्या पलीकडच्या डोंगरातून मुरडीचा ओढा स्वच्छ निघतो. पुढे त्याला महानगरात समाविष्ट केल्याचं कळतं आणि मग तो कसाही वागतो. कुरणवाडीच्या पुलापाशी बाभळीच्या फांद्यांना डायपर, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल आणि 'बाळाचे आगमन' असं लिहिलेला अर्धा फलक लटकत होता. आनंदीबाईंनी पदर नाकाला लावला.

खांबावर मात्र सौंदर्य होतं. निळ्याभोर रंगात एक डॉल्फिन उडी मारत होता. कुरणवाडीपासून समुद्र दीडशे किलोमीटर, पण चित्रकाराने आशा सोडली नव्हती. डॉल्फिनच्या बाजूने नवीकोरी पातळीपट्टी वर गेली होती.

भैरू चौकीच्या पायरीवर बसला होता. हाडकुळा माणूस, आठवड्याची दाढी.

"बाई, एक अडतीस हुतं. म्या सोताच्या डोळ्यानं वाचलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आता सगळी म्हंत्यात झोपला हुतास. झोपलो असन बी."

"झोपलेला माणूस अडतीस वाचत नाही, भैरू. चाळीस वाचतो."

भैरूने पहिल्यांदा मान वर केली.

आनंदीबाई काठाच्या पायऱ्या उतरून खांबाशी गेल्या. पूर ओसरताना आपली उंची लिहून जातो. पूर्वी तो काडीकचऱ्याने लिहायचा, आता दुधाच्या पिशव्यांनी. पट्टीच्या बोल्टांत अडकलेल्या पिशव्यांची सरळ रेघ खांबाला वेढून गेली होती. सर्वांत वरची पिशवी जिथे होती तिथला आकडा बाईंनी मोठ्याने वाचला.

"एक चव्वेचाळीस. म्हणजे रविवारी या पट्टीवर पाणी दीडला पोचलंच नाही. भोंगा वाजवायची वेळ तुमच्यावर आलीच नव्हती."

"पण फरशी तर बुडाली की!"

"फरशी कितीला बुडते?"

"एक सत्तर. बावीस वर्सं झाली, त्यात कदी बदल न्हाई."

"मग पाणी एक सत्तरच्या वर असताना पट्टी एक चव्वेचाळीस सांगत होती. तुम्ही जे दिसलं ते लिहिलंत. खोटं बोलली ती पट्टी." बाईंनी पंचनामा करणारे कुठे बसले होते ते विचारलं. भैरूने रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे बोट दाखवलं. तिथून खांब दिसत नव्हता.

"ही पट्टी कधी लावली?"

"मेमधी चौकी बंद आस्ती, आमी नस्तो. जूनला आलो तर ह्यो मासा आन ही पट्टी. साहेब म्हनले, नवी हाय, हीच वाचायची."

"मे महिन्यात या पुलाला हात कोणी कोणी लावला?"

भैरूने बोटं मोजली. पुलाला पाणी मोजायचं यंत्र बसवणारा तेजस. मासा रंगवायला पैसे देणारे हिंमतराव. आणि सर्जेराव साहेब.

"बाई," तो हळूच म्हणाला, "शुक्रवारी सकाळी खांब धुऊन परत रंगवनार हाईत. पट्टी बी काढनार. हुकूम निगालाय."

३

तेजसची कंपनी काचेच्या इमारतीत होती. आत इतकी थंडी होती की आनंदीबाईंना आपण भाजी असल्यासारखं वाटलं.

"मॅम, वुई आर ॲब्सोल्यूटली क्लीन," तेजस म्हणाला. त्याने पडदा फिरवून दाखवला. "बघा, मुरडी साइट. ग्रीन. ऑल ओके."

"आत्ता ओढ्यात पाणी किती आहे?"

"झिरो पॉइंट झिरो झिरो."

"मी आत्ता तिथूनच आले. चप्पल ओली आहे, बघा."

तेजसने चप्पल पाहिली, पडदा पाहिला, परत चप्पल पाहिली. मग थोडी बटणं दाबली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"ॲक्चुअली, अकरा मेपासून डेटाच येत नाहीये. पेंटिंगवाल्यांनी वायर कट केली असणार. सेन्सर ऑफलाइन गेला की सिस्टिम लास्ट रीडिंग होल्ड करते. स्क्रीन ब्लँक दिसली की क्लायंट पॅनिक होतो ना, सो..."

"म्हणजे शकू वाहून गेली तेव्हा तुमच्याकडे ओढा कोरडा होता."

"डॅशबोर्डवर... हो."

"आणि रंग हिरवा."

आनंदीबाईंना त्याची दया आली असती, पण त्याच्या मागे भिंतीवर 'सुरक्षित शहर पुरस्कार' झळकत होता.

"भैरूची वही तुम्ही नेलीत का?"

"वही? यू मीन, पेपरवाली?" त्याचे डोळे विस्फारले. "अजून असते?"

एवढं खरं अज्ञान नाटकात आणता येत नाही. आनंदीबाईंनी मनातल्या मनात एक नाव खोडलं आणि एक तारीख लिहून घेतली. अकरा मे.

४

हिंमतरावांचं संपर्क कार्यालय त्यांच्याच टॉवरच्या तळमजल्यावर होतं. वडिलोपार्जित शेतात बाजरीऐवजी मजले उगवायला लागल्यापासून त्यांचा जनसंपर्क फार वाढला होता.

"या बाई, बसा. शकूताई म्हणजे आपल्या घरचं माणूस हो," ते म्हणाले. मागे दोघंजण एका नव्या फ्लेक्सचा मजकूर जुळवत होते: 'कै. शकूताईंना भावपूर्ण श्रद्धांजली'. शकूचा फोटो मिळाला नसावा. हिंमतरावांचा मिळाला होता.

आनंदीबाईंनी पुढे आलेला पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"हिंमतराव, सरळ विचारते. ओढ्याकाठी तुमचे दोन टॉवर उभे राहतायत. पट्टीवर पाणी कमी दिसलं तर फायदा तुमचा."

हिंमतरावांना राग आला नाही. उलट त्यांनी मास्तरांनी मंद पोराकडे बघावं तसं बाईंकडे बघितलं.

"बाई, मला पूर लपवायचा असता तर मी लोखंडी पट्टी कशाला हलवीन? पूररेषाच हलवली असती. ती कागदावर असते, हलकी असते."

आनंदीबाईंनी आयुष्यात फार थोडी विधानं इतकी प्रामाणिक ऐकली होती.

"मग सुशोभीकरणात तुमचं काय होतं?"

"रंगाचा खर्च आन माझ्या नावाचा बोर्ड. मला तो वर कठड्यावर पाहिजे हुता, रस्त्यावरनं दिसायला. सर्जेराव म्हनले, वर नियमात बसत न्हाई, खांबावर खाली घेऊ, समोर सेल्फी पॉइंट हाय. मग तसं." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे हात केला. "बारा मेचं उद्घाटन बघा. घ्या की एक. दोन घ्या."

कॅलेंडरवर कोरड्या ओढ्याच्या तळात हिंमतराव, सर्जेराव आणि सतरा इतर माणसं दाटीवाटीने हसत उभी होती. मे महिन्यात ओढे कोरडे असतात आणि उद्घाटनं मे महिन्यातच होतात. मागे खांबाच्या अगदी बुडाशी, तळाला टेकून, हिंमतरावांचा चेहरा असलेला बोर्ड होता. त्याच्या वर डॉल्फिन. आणि डॉल्फिनच्या बाजूला पट्टी.

आनंदीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

पट्टीचं शून्य तळाशी असावं लागतं. फोटोत तळाशी हिंमतराव होते. शून्य त्यांच्या डोक्यावर होतं.

५

"वही गेली हो, दुर्दैव," सर्जेराव म्हणाले. उपअभियंता सर्जेराव गोड बोलायचे. टेबलावर फाइल एकही नव्हती, फक्त काच, आणि काचेखाली देवांचे फोटो. "आपण इतकी वर्षं खात्यात काढलीत, आपल्याला काय सांगायचं. गरीब माणूस आहे भैरू, मलाही वाईट वाटतं. पण डुलकी लागली."

"पट्टी तुम्ही हलवलीत?"

"नवी बसवली. मूळ जागी. कामपूर्तीचा दाखला आहे."

"मोजून?"

"दाखला आहे," सर्जेराव पुन्हा म्हणाले. दाखला आणि मोजमाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या हसण्यातून छान कळत होतं.

"वही शेवटची कधी पाहिली होतीत?"

"मी? मी कसली पाहतोय वही. महिन्याला ढीग येतो, मी सह्या करतो. आत एक अक्षर वाचत नाही, देवाशपथ." ते हसले. "आणि असती वही, तरी काय उपयोग होता? बायकांच्या ओट्यांचा हिशेब लिहिलेल्या वहीला पुरावा कोण म्हणणार?"

आनंदीबाई उठल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या.

"शुक्रवारी खांब किती वाजता धुणार?"

"सकाळी दहाला."

"आणि चौकशी?"

"अकराला," सर्जेराव म्हणाले, आणि त्यांनी नम्रपणे दार लावून घेतलं.

६

गुरुवारी सकाळी खांबापाशी भैरूची बायको मैना आली. तिने येताना भाकरी आणली होती. भैरूने ती घेतली नाही.

"मैना," आनंदीबाईंनी विचारलं, "यंदा ओटी कधी दिलीत?"

"कुठली ओटी, बाई! औंदा ओढा रुसला. दरसाली जूनच्या आखरीला मीटर भरतो. एकाच्या आकड्याला पानी टेकलं की ओटी द्याची, असं ह्येंच्या आईपास्नं हाय. औंदा पाऊस तेवढाच, पर आयतवारपत्तुर मीटर काय भरंना, आन भरला तो शकूला घिऊन. शकू रोज इचारायची, 'वैनी, भरला का?' पानी वसारलं की एकाच्या आकड्याशेजारी खांबाला शेंदूर लावायची ती. मला उतरायचं भ्या वाटतं, ती सरसर उतरायची. तिच्याच बोटानं लावायची दरसाली. थरावर थर."

"तेलात कालवून?"

"मंग? पान्यानं जाईल की."

आनंदीबाई खांबाजवळ गेल्या. डॉल्फिनकडे आता त्यांनी नीट बघितलं. अंगभर निळा, पण गालावर एक वीतभर जागा शेंदरी झाली होती आणि तिथला रंग पोपडे धरून सुटत होता. तेलावर पाण्यातला रंग टिकत नाही. चित्रकाराने दोन हात जास्त मारले असणार, पण शेंदूर त्याच्यापेक्षा जुना होता.

त्यांनी किल्लीने पोपडा अलगद काढला. खाली घट्ट शेंदूर, आणि शेंदरात उमटलेली चार बोटं. बारीक, लांब, चुलीपुढे भाजलेल्या हाताची असावीत अशी.

मैनाने तोंडात पदर कोंबला.

बाईंनी टेप लावला. ही बोटं गेल्या वर्षीपर्यंत एक मीटरच्या आकड्याशेजारी होती. आज त्यांच्या शेजारी पट्टीवर शून्य एकोणचाळीस लिहिलेलं होतं.

"एकसष्ट सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "इंजिनियर पट्टी हलवेल तर पन्नास हलवेल, साठ हलवेल. एकसष्ट म्हणजे दोन फूट. फुटात कोण मोजतं? बोर्ड रंगवणारा. भैरू, काठी घ्या आणि पाण्याखाली खांबाच्या बुडाशी मारा."

भैरूने काठी घातली. ठण्ण असा पत्र्याचा आवाज आला. चार वेळा मारली, वर सरकवत सरकवत. पत्रा जिथे संपला, बरोबर तिथे पट्टीचं शून्य सुरू होत होतं.

"बोर्डाला जागा पाहिजे म्हणून पट्टी वर सरकवली. बोर्डाच्या उंचीएवढी. बस." आनंदीबाईंचा आवाज कोरडा होता. "मला वाटलं होतं काही कारस्थान असेल, कोटी-दोन कोटींचं. एवढी तरी शकूची किंमत व्हायला हवी होती. भैरू, तुमचं एक अडतीस म्हणजे खरं एक नव्व्याण्णव. तुम्ही बरोबर वाचलंत."

भैरू बराच वेळ त्या चार बोटांकडे बघत राहिला. मग त्याने मैनाच्या हातातली भाकरी घेतली आणि तिथेच, उकिडवा बसून, खाऊ लागला.

"पण पट्टी चुकलीये हे कोणाला ठाऊक होतं, ते वहीशिवाय शाबित व्हायचं नाही," अपेक्षा म्हणाली. ती फोनवर सगळ्याचे फोटो काढत होती. "आणि वही तर त्यांनी जाळली असणार."

"जाळली?" आनंदीबाई पहिल्यांदाच मनापासून हसल्या. "अगं, तू खाजगीत नोकरी करतेस, तुला कळायचं नाही. सरकारी माणूस काहीही पचवेल, पण शिक्का-क्रमांक असलेली वही जाळणार नाही. उद्या कोणी विचारलं तर? तो ती नियमाने नाहीशी करेल."

७

कचेरीच्या तळघरात जुन्या दप्तराची खोली होती. तिथे एकतीस वर्षं मुक्ताई बसत होत्या. त्यांनी आनंदीबाईंना पाहिलं आणि चहाचा दुसरा कप पुसून ठेवला.

"मुक्ताई, या सोमवारी आवक झालेली एखादी वही लगेच निर्लेखनाला आली आहे का?"

निर्लेखन म्हणजे कागदपत्र वापराबाहेर काढून रद्दीत देणं. त्यासाठी वही किमान दहा वर्षं जुनी लागते.

"आली की," मुक्ताई म्हणाल्या. "मला वाटलंच होतं, मुरडी चौकी, चालू साल, आणि यादीत 'जीर्ण' म्हणून. मी म्हटलं, जीर्ण कसली, अजून ओली आहे. पण साहेबांची सही आहे, आपण कोण बोलणार. उद्या सकाळी साडेनऊला रद्दीची गाडी येते."

त्यांनी ढिगाच्या तळातून वही ओढली. पुठ्ठ्यावर सोमवारचा आवक शिक्का, त्यात क्रमांक. वाहून गेलेल्या वहीला इतका नीट क्रमांक कचेरीत पूर्वी कधी मिळाला नव्हता.

आनंदीबाईंनी पानं उलटली. जूनच्या सुरुवातीला पाच दिवस "पाणी पट्टीखाली". बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पुढे आकडे, सातांच्या शेपटीला गाठी. आणि तीस जूनला, शेऱ्याच्या रकान्यात, नेहमीच्या ओळीच्या जागी दुसरीच ओळ.

ती वाचून त्यांनी चहा तसाच ठेवला. ओळीच्या शेजारी हिरव्या शाईत आणखी काहीतरी लिहिलेलं होतं.

८

शुक्रवारी खांब धुवायला आलेल्या माणसांना पावणेदहाला कुरणवाडीच्या चाळीस बायका खांबासमोर ओटीची ताटं घेऊन उभ्या दिसल्या. धार्मिक भावनांचा प्रश्न असल्याने माणसं चहाला गेली, ती त्याच टपरीवर.

अकराला चौकशी सुरू झाली. अधीक्षक मधे, सर्जेराव उजवीकडे, भैरू उभा. अपेक्षाने फोटो मांडले: पिशव्यांची रेघ, चार बोटं, कॅलेंडर. सर्जेरावांनी सगळं सौजन्याने पाहिलं.

"शक्य आहे," ते म्हणाले. "पेंटरने चूक केली असेल. मला कल्पना नव्हती. दाखल्यावर न बघता सही केली, हा माझा दोष, मी मान्य करतो. कामाचा ताण फार असतो." अधीक्षकांनीही सहानुभूतीने मान हलवली. त्यांनाही ताण असावा.

आनंदीबाईंनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.

सर्जेरावांचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला.

"साहेब, भैरू खोटारडा हे तुम्हांला दाखवायचं होतं," आनंदीबाई म्हणाल्या. "रविवारी दुपारी एक वाजता फरशी बुडालेली, आणि भैरूच्या अक्षरात एक अडतीस. याच्याहून मोठा पुरावा कुठला? ही वही तुम्ही फ्रेम करून आणायला हवी होतीत. तुम्ही ती चौकीतून नेलीत आणि सोमवारी रद्दीत घातलीत. का? कारण तिच्यात भैरूला वाचवणारं काहीतरी आहे हे तुम्हांला ठाऊक होतं. आणि वही न वाचणाऱ्याला ते कसं ठाऊक असेल?"

"मी कधी वाचतच..."

"बुधवारी मला तुम्ही म्हणालात, बायकांच्या ओट्यांचा हिशेब लिहिलेली वही. ओटीची नोंद भैरू वर्षातून एकदा करतो, एकच ओळ. ती मला माहीत, कारण मी वाचायचे. तुम्हांला कशी माहीत?"

त्यांनी पान उघडून अधीक्षकांपुढे सरकवलं. भैरूच्या अक्षरात लिहिलेलं होतं:

"मीटर भरला नाही. पाऊस तितकाच. असे कधी झाले नाही. पट्टी साहेबांनी बघावी."

आणि शेजारी हिरव्या शाईत: "पाहिले." खाली सर्जेरावांची सही. दोन जुलै.

"शकू गेली एकवीसला," आनंदीबाई म्हणाल्या. "एकोणीस दिवस होते. दोन बोल्ट सैल करायचे होते. पण मग बोर्ड काढावा लागला असता."

अधीक्षकांनी ती सही तीनदा पाहिली, आणि त्या पानावर त्यांची स्वतःची सही नाही ना, हेही एकदा पाहिलं.

९

सर्जेराव निलंबित झाले. पोलीस आले, आरोपीचं नाव बदलून गेले. हिंमतरावांनी बोर्ड स्वखर्चाने काढला आणि तो काढल्याबद्दल कठड्यावर नवा बोर्ड लावला. तेजसच्या पडद्यावर मुरडीचा ठिपका आता लाल आहे. पुरस्कार अजून भिंतीवर आहे.

पट्टी दोन फूट खाली आली. डॉल्फिनचा गाल तसाच ठेवला, कोणी परत रंगवायला धजावलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भैरू पहिल्यांदाच नारायण पेठेत, आनंदीबाईंच्या घरी आला. चपला दाराबाहेर काढून, चौकशीतून परत मिळालेली वही छातीशी धरून उभा राहिला. जूनपासूनच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्याने लाल शाईने एकसष्ट मिळवून खरा आकडा लिहिला होता. नऊशेहून जास्त नोंदी. एकवीस जुलै, दुपारी एक: १.३८, आणि पुढे लाल १.९९. तो आकडा लिहिताना कागद फाटला होता.

शेवटच्या पानावर शेरा होता: "मीटर भरला. ओटी दिली. शेंदूर मैनाने लावला. शकू नाही."

"सही करता का, बाई?" भैरूने विचारलं. "साहेबाच्या जाग्यावर अजून कुनी आलं न्हाई. आन आलं तरी..."

"मी रिटायर आहे, भैरू. मला अधिकार नाही."

"त्ये मला ठावं हाय."

आनंदीबाईंनी त्याला बसायला सांगितलं, चहा केला, आणि वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एकेक ओळ, बोट ठेवून. भैरू दोन वेळा चहा प्यायला. पेठेत दुकानं दुपारची बंद झाली आणि परत उघडली. शेवटच्या ओळीपाशी त्या थोड्या थांबल्या. मग त्यांनी पेन उघडलं आणि चौतीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं, अधिकार नसताना सही केली.

वर लिहिलं: "वाचले."